दर्यावरचे इंजिन आणि विहिरीवरचे इंजिन

(आसेगाव, जिल्हा वाशीम येथील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनी या गावाला परका वाटेल. समुद्रावर धावणाऱ्या बोटीचे शक्तिमान इंजिन उघडून पुन्हा बांधताना त्याच्या पोटातील भाग कसे निवडावेत, हा तो विषय आहे. आसेगावापासून समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. येथे खारे वारे नाहीत व बंदरही नाही. सोयाबीन, तूर व हरभरा पिकविणाऱ्या या मुलखाने बोटीच्या इंजिनाची चिंता का वाहावी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर असे की, यंत्राच्या दृष्टीने बोटीचे इंजिन आणि विहिरीवरचे किंवा मळणीयंत्राचे इंजिन यांचे नाते फार जवळचे आहे. दोघांनाही तासन्‌तास एकाच वेगाने, भार अंगावर घेऊन चालावे लागते. दोघांचेही बंद पडणे अवेळी घडले तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चाएवढे राहत नाही. दर्यावर इंजिन बंद पडले की बोट वाऱ्याच्या व लाटांच्या स्वाधीन होते. सोयाबीन कापून ढीग लावला आहे, आभाळ भरून आले आहे आणि मळणीयंत्राचे इंजिन बसले, तर वर्षभराच्या श्रमांवर पाणी पडते. म्हणून जे शहाणपण दर्यावर्दी लोकांनी जिवाच्या भीतीने कमावले, ते शेतकऱ्यांनीही जाणून घेणे हिताचे आहे.

महाराष्ट्र आणि तेलावर चालणारे इंजिन

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली चालले. अवघ्या पंधरा वर्षांत, म्हणजे १९१२ साली, ‘सेलांडिया’ हे डॅनिश जहाज अशा इंजिनांच्या बळावर कोपनहेगनहून बँकॉकपर्यंत जाऊन आले. कोळशाच्या बाष्पयंत्रावर विसंबलेल्या जगाला हे एक नवल होते.

या यंत्राला आपल्या देशात रुजविण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली व लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या हाती दिला. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकातच डिझेल इंजिने घडविण्यास प्रारंभ केला. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली व विहिरीवर मोटेच्या जागी इंजिनाचा आवाज खेडोपाडी घुमू लागला. पुढे याच उद्योगाने नाशिक येथे नौदलाच्या व तटरक्षक दलाच्या जहाजांसाठी मोठी इंजिने बांधली. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय नौदलाने ६ मेगावॅट शक्तीचे सागरी डिझेल इंजिन देशातच रचून विकसित करण्याचे काम याच कंपनीकडे सोपविले. विहिरीवरच्या लहान इंजिनापासून युद्धनौकेच्या इंजिनापर्यंतचा हा प्रवास आहे. आकार बदलला, शक्ती शेकडो पटींनी वाढली, तरी पोटातील भाग तेच राहिले. पिस्टन, रिंगा, लायनर, कनेक्टिंग रॉड, क्रँक, बेअरिंगे व व्हॉल्व्ह यांखेरीज सहसा डिझेल इंजिन होत नाही.

भाराचा नियम

ट्रकचे इंजिन घाट चढताना कष्टते, सपाटीवर विसावते आणि उतारावर जवळजवळ फुकट फिरते. बोटीच्या इंजिनाला हा विसावा नाही. पाण्याचा विरोध अखंड असतो. पंपाच्या इंजिनाचेही तसेच आहे. विहिरीतून पाणी वर येत असेपर्यंत भार कायम राहतो.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगाची आहे. बोटीचा पंखा असो की पाण्याचा फिरता पंप असो, त्याला लागणारी शक्ती स्थूलमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी वाढविला की शक्ती दहा टक्के नव्हे, तर सुमारे ३३ टक्के अधिक लागते. ‘जरा रेस वाढवा, पाणी जास्त येईल,’ असे म्हणून गव्हर्नरच्या स्प्रिंगशी जी छेडछाड केली जाते, तिचा हिशेब असा आहे. थोड्या जास्त पाण्यासाठी इंजिनाकडून तृतीयांश अधिक शक्ती मागितली जाते. बोटीवर चुकीच्या मापाचा पंखा बसविल्यास असेच घडते. म्हणून जुने इंजिन का बसले याचा शोध घेतल्याशिवाय नवे भाग बसविणे व्यर्थ होय. ज्या कारणाने जुना पिस्टन जळाला ते कारण कायम असेल, तर नवा पिस्टनही जळणारच.

पोटात काय घडते

आता शंभर मिलिमीटर व्यासाचा व एकशे दहा मिलिमीटर धावेचा एक पिस्टन डोळ्यांसमोर आणावा. इंजिन मिनिटाला १५०० फेरे करीत आहे असे धरू. तासाला ९०,००० फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर व एकदा खाली जातो. म्हणजे तासात १,८०,००० वेळा त्याला थांबून उलट फिरावे लागते. चार धावांच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक ज्वलन होते, म्हणून तासात ४५,००० ज्वलने घडतात. ज्वलनसमयी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ७० किलोग्रॅम दाब धरला, तरी पिस्टनच्या माथ्यावर सुमारे साडेपाच टनांचा भार पडतो. अतिरिक्त हवा कोंबणाऱ्या, म्हणजे टर्बोचार्जर लावलेल्या, शक्तिमान सागरी इंजिनात हा दाब याच्या दुपटीपर्यंत आणि त्याहूनही पुढे जातो.

हा भार एकदा सोसणे पोलादाला कठीण नाही. लक्षावधी वेळा सोसणे कठीण आहे. रेल्वेचे आस पुष्कळ भार एकदम न पडताही अकस्मात का मोडतात, याचा शोध ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने १८५० व १८६० च्या दशकांत घेतला. पुनःपुन्हा येणारा मध्यम भारही धातूला थकवितो. जेथे खाच, ओरखडा किंवा धारदार कोपरा असेल तेथे केसाएवढी भेग पडते, ती रोज थोडी पुढे सरकते आणि एके दिवशी भाग तुटतो, हे त्याने प्रयोगांनी दाखवून दिले. इंजिनाच्या पोटातील भाग निवडताना हे सत्य नित्य ध्यानी ठेवावे लागते. दुकानाच्या टेबलावर चकचकीत दिसणारा भाग पहिल्या दिवशी चालणारच. त्याची परीक्षा हजाराव्या तासाला होते.

कोकणच्या किनाऱ्यावरील शिस्त

मुंबईची ससून गोदी १८७५ साली उभी राहिली, तेव्हा मच्छीमारांच्या होड्या शिडांवर चालत असत. १९५० च्या दशकापासून होड्यांवर यंत्रे बसू लागली आणि आज सातपाटी, ससून गोदी, हर्णै, मिरकरवाडा येथील मासेमारीचा कणा डिझेल इंजिन हाच आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. मासळीच्या विणीच्या दृष्टीने ती आवश्यक आहे. बोटवाल्यांच्या दृष्टीने ती इंजिन उघडण्याचीही वेळ आहे. हंगाम सुरू झाल्यावर दुरुस्तीस फुरसत नसते आणि खोल समुद्रात मिस्त्री मिळत नाही. संकट ओढवल्यास तटरक्षक दलाला १५५४ या क्रमांकावर कळविता येते. परंतु मदत पोहोचेपर्यंतचा काळ बोटीने लाटांवरच काढावयाचा असतो.

मोठ्या जहाजांच्या बाबतीत तर ही शिस्त नियमांनी बांधलेली आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या व मुंबईत मुख्यालय असलेल्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या वर्गीकरण संस्था इंजिनाच्या क्रँकसारख्या प्रमुख भागांच्या धातूचे प्रमाणपत्र मागतात, परीक्षा करवितात व भागावर ठसा उमटवितात. आंतरराष्ट्रीय करारान्वये १३० किलोवॅटहून मोठ्या सागरी इंजिनांसोबत एक तांत्रिक पुस्तिका ठेवावी लागते. धुरातील नायट्रोजनच्या वायूंवर परिणाम करणारे भाग कोणते व त्यांचे क्रमांक काय, हे तीत नमूद असते. नोझल बदलले तर त्याचा क्रमांक जुळला पाहिजे व नोंद झाली पाहिजे. थोडक्यात, भाग कोठून आला हे सिद्ध करता आले पाहिजे, असा हा दंडक आहे. आपल्या पाच-दहा अश्वशक्तीच्या इंजिनाला एवढा सोहळा परवडणार नाही. परंतु त्यामागील विचार परवडण्याजोगा आहे.

आधी मोजमाप, मग खरेदी

आपल्याकडे पुष्कळदा इंजिन उघडण्यापूर्वीच ‘रिंग-पिस्टनचा सेट’ आणून ठेवला जातो. हा क्रम उलटा आहे. प्रथम इंजिन उघडावे, भाग धुवावेत, मोजावेत आणि त्यानंतरच यादी करावी.

लायनरची झीज वरच्या टोकाशी, जेथे वरची रिंग उलट फिरते तेथे, सर्वांत अधिक असते. म्हणून व्यास वर, मध्ये व खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजावा लागतो. बोट फिरवून ‘खाच लागत नाही’ म्हणणे हे मोजमाप नव्हे. क्रँकच्या जर्नलचेही तसेच आहे. मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय तो गोल आहे की लंबगोल झाला आहे हे कळत नाही. झीज मर्यादेबाहेर असेल तर लेथवर घासून पुढील माप घ्यावे लागते. ०.२५, ०.५०, ०.७५ व १.०० मिलिमीटर अशी ही ठरलेली मापे असतात. मिस्त्री त्यांना इंचाच्या सहस्रांशावरून दहा, वीस, तीस व चाळीस असे म्हणतात. कोणत्या मापाचा भाग आणावा हे मोजमाप ठरविते. दुकानात काय शिल्लक आहे त्यावरून ते ठरविता कामा नये.

क्रँक घासताना दोन गोष्टींकडे लक्ष हवे. अनेक क्रँकच्या पृष्ठभागाचा पातळ थर कठीण केलेला असतो. जास्त घासल्यास तो थर निघून जातो व खालचे मऊ पोलाद उघडे पडते. दुसरे असे की, जर्नल जेथे भिंतीला मिळते तेथे एक गोलाई असते. घासणाऱ्याने ती नाहीशी करून सरळ कोपरा ठेवला, तर व्होलरने सांगितलेली भेग तेथूनच सुरू होते. क्रँक मोडला की तो बहुधा याच जागी मोडतो. सागरी इंजिनाचा क्रँक पुन्हा वापरण्यापूर्वी चुंबकीय परीक्षेने भेगा शोधतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या किंवा मोठ्या शहरातील चांगल्या ग्राइंडिंगच्या कारखान्यात ही सोय असू शकते. मोठ्या ट्रॅक्टरच्या क्रँकसाठी तिची चौकशी अवश्य करावी.

कोणत्या भागात काटकसर नको

सर्व भाग सारख्याच मोलाचे नसतात. बाहेरचा एखादा पाइप किंवा झाकण साधे असले तरी चालते. परंतु ज्या भागाच्या मोडण्याने संपूर्ण इंजिन फुटते, तेथे काटकसर म्हणजे आपत्तीला आमंत्रण होय.

अशा भागांत पहिला मान कनेक्टिंग रॉडच्या बोल्टचा आहे. किमतीने हा भाग क्षुल्लक असतो. पिस्टन माथ्यावर येऊन उलट फिरतो तेव्हा त्याला खाली ओढून आणण्याचा ताण या बोल्टांवर येतो, आणि हा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बोल्ट तुटला की रॉड सुटतो व ब्लॉकला भगदाड पाडून बाहेर येतो. काही इंजिनांचे बोल्ट घट्ट करतानाच किंचित ताणले जातात. ते एकदाच वापरावयाचे असतात. नवे बोल्ट उत्पादकाच्या क्रमांकाचेच घ्यावेत आणि टॉर्क पान्याने, पुस्तिकेत सांगितलेल्या मापाने आवळावेत. गावातील लोहाराच्या किंवा सामान्य हार्डवेअरच्या दुकानातील ‘त्याच आट्यांचा’ बोल्ट येथे कदापि चालत नाही.

दुसरा मान बेअरिंगांचा. बेअरिंग म्हणजे वाकविलेली पत्र्याची पट्टी नव्हे. पोलादाच्या पाठीवर तांबे-शिशाचा किंवा अल्युमिनियम-कथिलाचा थर आणि कित्येकदा त्यावर आणखी एक अतिपातळ मुलामा, अशी तिची रचना असते. साठ मिलिमीटरच्या जर्नलभोवती तेलासाठी राहणारी फट साधारणपणे ०.०६ मिलिमीटरची, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढी असते. फट कमी असेल तर बेअरिंग जळते; अधिक असेल तर तेलाचा दाब पडतो व ठोका सुरू होतो. बेअरिंगच्या पाठीमागे कागद किंवा पत्रा घालून ‘घट्ट’ करण्याची जी युक्ती कोठे कोठे करतात, ती उष्णता अडविते व तेलाचे छिद्र झाकण्याचा धोका निर्माण करते. ती पूर्णतः टाकून दिली पाहिजे.

तिसरा मान पिस्टन, रिंगा व लायनर यांचा. अल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पिस्टन बिडाच्या लायनरपेक्षा उष्णतेने जवळजवळ दुप्पट फुगतो. पिस्टनचा मिश्रधातू हलका असेल किंवा फट चुकली असेल, तर तो गरम होऊन लायनरला चिकटतो. यालाच आपण ‘इंजिन जाम झाले’ असे म्हणतो. शंभर मिलिमीटरच्या रिंगेच्या दोन टोकांमध्ये ०.३० ते ०.४० मिलिमीटर फट ठेवावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्या त्या इंजिनाची पुस्तिका सांगेल ते अंतिम. ही फट प्रत्येक रिंग लायनरमध्ये सरळ बसवून, फीलर गेजने पाहिली पाहिजे. क्रोमचा मुलामा दिलेली रिंग क्रोमच्याच लायनरमध्ये चालवू नये. समान कठीण पृष्ठे एकमेकांना ओरबाडतात. एकाहून अधिक सिलिंडर असतील तर सर्व पिस्टन एकाच उत्पादकाचे व एकमेकांपासून काही ग्रॅमच्या आतल्या वजनाचे असावेत.

चौथा मान हेड गॅस्केटचा. डिझेल इंजिनात पिस्टन कधी कधी ब्लॉकच्या पृष्ठापेक्षा किंचित वर येतो. ती उंची मोजून त्या जाडीचे गॅस्केट निवडावे लागते. जाडी चुकली तर पिस्टन व्हॉल्व्हला लागतो अथवा दाब पुरेसा न झाल्याने इंजिन काळा धूर टाकते. जुने गॅस्केट तांब्याचे आहे म्हणून तापवून पुन्हा वापरावयाचे की नाही, हेही पुस्तिकाच सांगते.

यानंतर तेलाचा पंप व डिझेलचे नोझल यांचा क्रम लागतो. नवे बेअरिंग घालून जुना झिजलेला तेलपंप तसाच ठेवणे, हे नवी विहीर खणून जुनाच फुटका पाट वापरण्यासारखे आहे. थेंब गाळणारे नोझल नव्या पिस्टनच्या माथ्याला भोक पाडू शकते. म्हणून नोझल परीक्षायंत्रावर दाब व फवारा तपासूनच बसवावे.

समुद्राचा शत्रू मीठ, येथील शत्रू धूळ

भाग उत्तम असले तरी परिस्थिती त्यांना खाते. बोटीच्या इंजिनाचा शत्रू खारे पाणी होय. म्हणून तेथे पितळी व कांस्याचे भाग, गंजाला बळी देण्यासाठी जस्ताचे तुकडे, आणि गोड्या पाण्याचा स्वतंत्र फेरा ठेवून समुद्राचे पाणी बाहेरूनच फिरविण्याची रचना, असे उपाय योजतात.

आसेगावच्या परिसरात हे मीठ नाही, पण मळणीच्या दिवसांत उडणारी काळ्या मातीची धूळ व भुसा आहे. धुळीतील वाळूचे कण रिंगांना व लायनरला कानशीसारखे घासतात. हवेची जाळी फाटलेली असेल तर कितीही अस्सल रिंगा घातल्या तरी त्या एका हंगामात झिजतील. इंजिन बांधण्याच्या यादीत हवेची जाळी व तिचा रबरी पाइप यांना पहिल्या ओळीत स्थान हवे. दुसरा शत्रू विहिरीचे जड पाणी. त्याचा चुना ब्लॉकच्या पोटात साचून पाण्याच्या वाटा बुजतात व इंजिन एका बाजूने तापते. इंजिन उघडलेच आहे तर या वाटा साफ केल्याखेरीज ते मिटू नये.

बाजारातील चार प्रकार

सुट्या भागांचे बाजारात स्थूलमानाने चार प्रकार मिळतात. इंजिन उत्पादकाच्या डब्यातील भाग हा पहिला. इंजिन उत्पादकांना भाग पुरविणारे नामांकित कारखाने तेच भाग आपल्या नावानेही विकतात; हा दुसरा प्रकार असून तो बहुधा स्वस्त व विश्वासार्ह असतो. ज्याच्यावर कोणाचे नाव नाही अथवा अपरिचित नाव आहे तो तिसरा. त्यात बरे-वाईट दोन्ही असते व जबाबदारी घेण्यास कोणी नसते. चौथा प्रकार बनावट, म्हणजे नामांकित नावाचा डबा व आत भलताच माल. हा गुन्हा आहे.

बनावट भाग ओळखण्याचे काही साधे मार्ग आहेत. डब्यावरील छपाई पुसट, अक्षरे चुकलेली किंवा शिक्का फाटलेला असणे. भागावर क्रमांक कोरलेला नसणे अथवा डब्यावरील क्रमांकाशी न जुळणे. कडा खडबडीत असणे. वजन जुन्या भागापेक्षा लक्षणीय कमी भरणे. आणि किंमत बाजारभावाहून फारच कमी असणे. यांपैकी एक खूण दिसली तर संशय घ्यावा, दोन दिसल्या तर भाग घेऊ नये. अधिकृत विक्रेत्याकडून, भागाचा क्रमांक लिहिलेले पक्के बिल घेऊनच खरेदी करावी. बिल नसले की तक्रारीचा आधार नाहीसा होतो. बिल असले तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. स्वतःच्या उपजीविकेसाठी वस्तू घेणारा शेतकरी हाही कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच आहे.

पंचायत, शाळा आणि कार्यालय यांचे कर्तव्य

हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याचा नाही. ग्रामपंचायतीचे जनित्र असते, कृषी अवजारे बँकेचा ट्रॅक्टर असतो, शेतकरी उत्पादक कंपनीचे मळणीयंत्र असते. त्यांच्या दुरुस्तीसाठी दरपत्रके मागविली जातात व सर्वांत कमी दराला काम दिले जाते. पद्धत योग्य आहे. तीत उणीव असते ती मागणीच्या वर्णनाची. ‘इंजिन दुरुस्ती – एक नग’ एवढेच लिहिले, तर कमी दराचा अर्थ हलके भाग असाच होतो. त्याऐवजी कोणता भाग, कोणत्या उत्पादकाचा अथवा तत्सम दर्जाचा, कोणत्या मापाचा, हे लिहावे. मोजमापाचा तक्ता कामासोबत द्यावा व जुने भाग परत करावेत, अशी अट घालावी. जुने भाग हाती आले की काय बदलले व काय नाही हे आपोआप स्पष्ट होते. असे झाल्यास सर्व दरपत्रके एकाच कामाची ठरतात व कमी दर खऱ्या अर्थाने कमी ठरतो.

शिक्षक बंधुभगिनींकडे एक वेगळे काम आहे. विद्यार्थी व्हर्निअर कॅलिपर व मायक्रोमीटर यांची आकृती काढून गुण मिळवितात. त्याच उपकरणाने एखाद्या जुन्या पिस्टनचा व्यास, रिंगेची फट व जर्नलची झीज मोजवून घेतली, तर शतांश मिलिमीटरचा अर्थ त्यांच्या हाताला कळेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘मेकॅनिक डिझेल’ हा अभ्यासक्रम चालतो. कोची येथे १९६३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेत मासेमारी बोटींचे इंजिन चालविणारे व दुरुस्त करणारे तरुण तयार केले जातात. या वाटा मुलांना माहीत असाव्यात. मोजून काम करणारा मिस्त्री गावात असणे ही गावाची संपत्ती आहे.

अधिकारी वर्गाने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावयास हवी. प्रत्येक जुने इंजिन पुन्हा बांधणे शहाणपणाचे असतेच असे नाही. पाण्याच्या उपशासाठी वीज आहे, २०१९ पासून केंद्राची पीएम-कुसुम योजना आहे व राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनाही आली आहे. ब्लॉकला तडा गेलेला असेल, क्रँक शेवटच्या मापापर्यंत घासलेला असेल, तर खर्च थांबवून हे पर्याय पाहावेत. मात्र मळणीयंत्र, ट्रॅक्टर व जनित्र यांना इंजिनाविना गत्यंतर नाही. तेथे नीट बांधणी हाच मार्ग आहे.

बांधल्यानंतर

बांधलेले इंजिन हे नव्या बैलजोडीसारखे हळूहळू कामाला लावावे लागते. प्रथम तेल भरून, हाताने फिरवून ते सर्वत्र पोहोचू द्यावे. सुरू झाल्यावर तेलाचा दाब पाहावा. पहिले काही तास पूर्ण भार देऊ नये. पण रिकामे फिरवीत ठेवणेही योग्य नाही, कारण भाराविना रिंगा लायनरला नीट बसत नाहीत व लायनर गुळगुळीत होऊन तेल जळू लागते. भार टप्प्याटप्प्याने वाढवावा. पहिले तेल व तेलाची जाळी पुस्तिकेत सांगितलेल्या तासांनंतर, वेळेआधीच गेली तरी हरकत नाही पण उशिरा नव्हे, अशी बदलावीत. त्या तेलात चकाकणारे कण दिसले तर इंजिन पुढे चालवू नये.

शेवटची विनंती एका वहीची आहे. जहाजावर इंजिनाच्या प्रत्येक तासाची नोंद राहते. तशीच एक साधी वही प्रत्येक इंजिनाजवळ असावी. केव्हा उघडले, कोणते माप निघाले, कोणत्या क्रमांकाचा भाग घातला, किती तास चालले, तेल केव्हा बदलले, एवढे पाच रकाने पुरेत. पुढच्या वेळी मिस्त्री बदलला, दुकानदार बदलला, तरी इंजिनाचा इतिहास मालकाच्या हाती राहील, आणि मागे कोणता भाग टिकला व कोणता टिकला नाही याचे उत्तर ऐकीव गोष्टींत शोधावे लागणार नाही. ग्रामपंचायतीने आपल्या जनित्रापासून ही वही येत्या महिन्यातच सुरू केल्यास गावापुढे एक उदाहरण उभे राहील.

जय हिंद, जय महाराष्ट्र.